महाविद्यालयीन काळात साहित्यावर लिहिलेले पुन्हा वाचताना आपण नेमके काय वाचतो?

शिरीषवन (नाशिक)

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी बालकवींच्या निसर्गकवितेवर मी लिहिलेला लघुप्रबंध नुकताच सलग वाचून काढला आणि त्यातून मनात आलेला प्रश्न इथे मांडते आहे. त्या वयात साहित्यावर लिहिलेले लेखन आज वाचताना त्यातले काय आपले मानायचे?

लघुप्रबंधात ‘औदुंबर’ या एकाच कवितेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कविता अवघ्या आठ ओळींची. पण औदुंबर म्हणजे विरक्त योगी, की मृत्यूची छाया, की कवीच्या मनातली उदासीनता, यावर मराठी समीक्षेत केवढी चर्चा झाली हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. माझे प्रकरण त्या चर्चेचा आढावा घेते, प्रत्येक मताला थोडाथोडा मान देते आणि शेवटी औदुंबर हे जीवनातील उदासीनतेचे प्रतीक आहे, असे म्हणून थांबते. त्या परिच्छेदाच्या समासात मार्गदर्शक सरांनी लाल शाईने लिहिले आहे, ‘हे तुमचे, की ग्रंथातले?’

प्रबंधाच्या शेवटी मी कविता हाताने उतरवून जोडली होती. त्या पानावर पेन्सिलीची एकच खूण आहे आणि ती शेवटच्या दोन ओळींपाशी नाही. ती ‘पायवाट पांढरी’ या ओळीपाशी आहे. संपूर्ण प्रकरणात मात्र पायवाटेवर एक वाक्यही नाही. आज कविता वाचताना मला दिसते की झरा वाहतो, त्यानंतर गाव आणि शेतमळे जागच्या जागी उभे राहतात, आणि मग ती अडवीतिडवी पायवाट हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे चालू लागते. वाचणाऱ्याची नजर तिच्याबरोबर चालत जाते आणि एकदम पाण्यात पाय टाकून बसलेल्या झाडापाशी पोचते. आधीच्या ओळींत चालणे नसते, तर शेवटच्या ओळीतले बसणे इतके जाणवलेच नसते.

निष्कर्ष उसना होता. पण कोणत्या ओळीपाशी मी थबकले, ते माझे होते, असे मला आता वाटते. आपल्यापैकी ज्यांनी आपले ट्यूटोरियल, निबंध, वार्षिक अंकातले लेख किंवा प्रबंध पुन्हा वाचले असतील, त्यांना काय आढळले?

गोदाकाठ (पैठण)

प्रश्न महत्त्वाचा आहे, पण उत्तर आपण फार लवकर दिलेत असे वाटते. त्या लेखनाचा साचा आपला नव्हता, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. ‘बालकवींच्या कवितेतील निसर्ग साधार स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की उत्तराची वाट ठरलेली असे. आधी कवीचा काळ, मग केशवसुतांशी नाते, मग निसर्ग, मग प्रतिमा, शेवटी उदासीनता आणि एका वाक्यात मूल्यमापन. या वाटेवर पायवाटेला जागाच नव्हती. विद्यार्थ्याला जे दिसले ते लिहायचे ठिकाण उत्तरपत्रिकेत नसे, म्हणून ते समासात किंवा पेन्सिलीच्या खुणेत राहिले. तेव्हा जुने लेखन वाचताना आपण स्वतःपेक्षा त्या काळची प्रश्नपत्रिकाच अधिक वाचत असतो, असे माझे मत आहे.

मुक्ता_बडोदे

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. केले. गुजरातेत राहून मराठी शिकणारे आम्ही थोडे होतो, त्यामुळे पुस्तके एकमेकांत फिरवून वाचत असू. माझा निबंध विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ साली आलेल्या कथासंग्रहावर होता.

तो निबंध आज उघडला, तर त्यातली निम्मी पाने टोपणनावाने खाल्लेली आहेत. लेखिका कोण याविषयी त्या काळी उठलेले वादळ, त्या नावामागे पुरुष असावा असा अनेकांचा तर्क, आणि पुढे ते लेखन बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांचे आहे हे उघड होणे, हे सर्व मी मोठ्या उत्साहाने मांडले आहे. कथांना उरलेली जागा मिळाली आहे, आणि त्यातही ‘स्त्रीजीवनाचे वास्तव चित्रण’ हा शब्दसमूह पुन्हा पुन्हा येतो.

मात्र शिरीषवन यांचे म्हणणे मला एका ठिकाणी पटले. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेतला एक उतारा मी पूर्ण उतरवून काढला आहे, निबंधाला त्याची गरज नसताना. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणून तिच्या लग्नाचा विषय घरात कोणी मनापासून काढत नाही, ही त्या कथेची नस आहे. त्या वेळी माझी थोरली बहीण नोकरीला लागली होती आणि आमच्या घरात तिच्यासाठी स्थळे पाहणे मागे पडत चालले होते. निबंधात याचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. पण तो लांबलचक उतारा तिथे कशामुळे आला हे आज मला स्वच्छ दिसते.

तळटीप

शिरीषवन, पायवाटेवरचा परिच्छेद फार आवडला. ते उतरवलेले पान इथे दाखवता येईल का?

शिरीषवन (नाशिक)

तळटीप, पान अवश्य दाखवीन. कागद घडीवर विरला आहे, म्हणून आधी नीट सपाट करून घेते.

गोदाकाठ, साच्याविषयी आपले म्हणणे मान्य आहे. माझा आग्रह एवढाच आहे की साचा कितीही घट्ट असला तरी वाचणारी व्यक्ती त्यात कुठेतरी फट शोधते. मुक्ताताईंचा उतारा ही तशीच फट आहे.

काळी_माती (छत्रपती संभाजीनगर)

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सविस्तर सांगावा लागेल.

नव्वदीच्या दशकात मी दलित आत्मकथनांवर निबंध लिहिला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि ‘उपरा’ १९८० मध्ये आले होते, ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. आमच्याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवत होते आणि त्याचे अंक वसतिगृहात हातोहात फिरत. म्हणजे आसपास या साहित्याची चर्चा भरपूर होती. तरीही निबंधात मी जे केले ते असे, की प्रत्येक आत्मकथन ‘कलात्मक अलिप्तता’, ‘अनुभवाचा घाट’ आणि ‘सौंदर्यमूल्य’ या तीन कसोट्यांवर तपासले आणि ते कुठे उतरते, कुठे उतरत नाही याचा हिशेब मांडला. हे साहित्य आहे, हे आधी सिद्ध करावे लागे. मग त्यात काय आहे याकडे वळता येई.

निबंध आज वाचताना मला सर्वांत जास्त खटकली ती सर्वनामे. ‘त्या वस्तीतील माणसे’, ‘हा समाज’, ‘त्यांचे दैन्य’ असे मी लिहिले आहे. निबंध लिहीत होतो त्या काळात सुटीत मी ज्या घरी जात असे, ते घर तशाच वस्तीत होते. पावसाळ्यात पत्र्याखाली कुठे पातेले ठेवायचे हे मला दया पवारांच्या पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. पण संपूर्ण निबंधात ‘आम्ही’ हा शब्द एकदाही आलेला नाही. विद्वत्तेच्या भाषेत ‘आम्ही’ बसत नाही, असे कोणी मला सांगितले नव्हते. ते वातावरणातून शिकलो होतो.

शिरीषवन म्हणतात तशी पेन्सिलीची खूण शोधू लागलो, तर माझ्या निबंधात ती सापडत नाही. उतारे निवडतानाही मी समीक्षकांनी आधी निवडलेलेच घेतले आहेत, कारण ते सुरक्षित होते. माझे त्यात काय आहे, असा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर आले, की जे लिहिले नाही ते माझे आहे. पुढे १९९६ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ आले, तेव्हा कसोट्यांनाच प्रश्न विचारता येतो ही गोष्ट पुस्तकरूपाने हातात आली. तोवर माझा निबंध बांधून विभागाच्या कपाटात गेला होता.

मुक्ता_बडोदे

काळी_माती, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ थांबले. आपण तो निबंध ‘आम्ही’ घालून पुन्हा लिहावा, असे मला मनापासून वाटते.

लयवेल्हाळ (सांगली)

मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवले आहे आणि विद्यार्थ्यांचे असंख्य निबंध तपासले आहेत, म्हणून उसन्या विचारांच्या बाजूने थोडे बोलते.

उसने घेणे ही उणीव नाही. गाणे शिकताना गुरूची बंदिश जशीच्या तशी गळ्यावर चढवावी लागते. स्वतःची उपज फार पुढे येते. आमच्या पिढीने मर्ढेकरांचा लयसिद्धान्त असाच घेतला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे पुस्तक १९५५ मधले, पण त्यानंतर कित्येक वर्षे संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तीन संज्ञा आम्ही भेटेल त्या कवितेला लावत होतो. माझ्या स्वतःच्या वहीत एका भूपाळीला विरोधलय लावून पाहिलेली आहे. ती मांडणी टिकणारी नाही. पण तिच्यामुळे मी त्या भूपाळीतला प्रत्येक शब्द दुसऱ्या शब्दाशेजारी ठेवून पाहिला, आणि अशी बारकाईने वाचण्याची सवय पुढे आयुष्यभर पुरली.

मर्ढेकरांचेच उदाहरण घ्यावे. १९३९ चा ‘शिशिरागम’ वाचला, तर त्यात आधीच्या कवितेचे वळण जागोजागी दिसते; १९४७ च्या ‘काही कविता’ मधला कवी तोच आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. तरी त्यांची कविता एकत्र छापली जाते तेव्हा ‘शिशिरागम’ तिच्यात असतो आणि तो तिथे असायलाच हवा. तो काढला, तर पुढच्या कवितेने काय मोडले हेच कळणार नाही. आपल्या विद्यार्थिदशेतल्या लेखनालाही मी तीच जागा देईन.

काळी_माती यांच्या अनुभवाला मात्र माझे हे विवेचन पुरत नाही. बंदिश स्वतःच्या घराविषयी गप्प राहायला शिकवत असेल, तर तिचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो आम्ही शिकवणाऱ्यांनी करायचा आहे.

पैलतीर (न्यू जर्सी)

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पण महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात मी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीवर लेख लिहिला होता. घरच्यांनी तो अंक जपून ठेवला आणि काही वर्षांपूर्वी इकडे पाठवला.

लेखात वसतिगृह आहे, खानावळ आहे, पुण्यातले रिकामे दिवस आहेत, आणि नायक पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ माझ्या वाक्यांतही सर्वत्र पसरलेले आहेत. त्या पिढीत कादंबरी वाचून असे बोलू लागलेली मुले प्रत्येक वसतिगृहात होती. १९६३ मध्ये आलेली कादंबरी त्यानंतर इतक्या वर्षांनी आम्हाला आमच्याच खोलीत घडते आहे असे वाटत होते, यातच तिची ताकद आली.

काळी_माती यांनी ‘जे लिहिले नाही’ असे म्हटले, त्यावरून लेख पुन्हा काढून वाचला. त्यात मनीच्या मृत्यूविषयी एकही वाक्य नाही. कादंबरीत धाकट्या बहिणीच्या जाण्याने पांडुरंग मुळापासून हादरतो, सगळा विनोद तिथे बंद पडतो, आणि माझा लेख त्या पानांवरून जणू ती छापलीच नाहीत असा पुढे जातो. वडिलांविषयी आहे ते एवढेच, की ते पैशांवरून बोलतात. आता माझे वडील वयस्क झाले आहेत आणि दर रविवारी आमचे फोनवर बोलणे होते. अलीकडे कादंबरी वाचली ती मी बहुतांशी वडिलांची म्हणून वाचली. मुलाला पुण्याला शिकायला ठेवणारा, गावात ज्याला मान आहे आणि मुलाशी बोलताना ज्याला शब्द सापडत नाहीत, असा तो माणूस मला पहिल्यांदाच दिसला.

म्हणून शिरीषवन यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की कशापाशी थांबलो याबरोबरच कशावरून पुढे निघून गेलो तेही पाहावे.

गोदाकाठ (पैठण)

चर्चा छान रंगली आहे. तरी माझी शंका कायम आहे. उतारे आणि खुणा यांवर इतका भार टाकता येईल का? बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘महत्त्वाची अवतरणे’ असा स्वतंत्र भाग असे आणि आम्ही ती पाठ करत असू. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर आधीच्या विद्यार्थ्यांनी मारलेल्या रेघा असत. आपण त्याच ओळी वहीत उतरवत असू. माझ्याकडच्या वहीत तुकोबांचे जे अभंग आहेत, ते माझ्या निवडीचे आहेत असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

शिरीषवन (नाशिक)

शंका रास्त आहे. म्हणूनच मी उद्धृत आणि खूण यांत फरक करते. उद्धृत हे परीक्षकासाठी असते, त्यामुळे ते मार्गदर्शक पुस्तकातून येऊ शकते. माझ्या हाताने उतरवलेल्या प्रतीवरची खूण कोणालाही दाखवायची नव्हती आणि तिचा उपयोगही मी कुठे केला नाही. मुक्ताताईंचा उतारा उद्धृत असूनही खुणेसारखा आहे, कारण तो युक्तिवादाला नको असताना तिथे आहे. जे लेखनात कामाला लावलेले नाही आणि तरी टिकून आहे, ते तपासावे, असे मी आता म्हणेन.

मांडवी (फोंडा, गोवा)

आमच्याकडे यात आणखी एक पदर आहे. मी बा. भ. बोरकरांच्या कवितेवर लिहिले, मराठी विषयासाठी. ‘जीवनसंगीत’, ‘दूधसागर’ हे संग्रह घेतले, नादमाधुर्य, निसर्ग, भक्ती अशी प्रकरणे पाडली. बोरकरांनी कोकणीतही तितक्याच जोमाने लिहिले, ‘पांयजणां’ १९६० मध्ये आले आणि ‘सासाय’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे माझ्या प्रबंधात ‘कवीचा परिचय’ या भागात एका वाक्यात उरकलेले आहे. विषय मराठीचा असल्याने कोकणी कविता विचारात घ्यायची नाही, असा अलिखित दंडक होता.

आमच्या घरी कोकणी बोलतात आणि वर्तमानपत्र मराठी येते. दोन्ही कविता मी लहानपणापासून ऐकत आले होते, आजीच्या तोंडून आणि शाळेच्या पुस्तकातून. प्रबंध पुन्हा वाचल्यावर मी दोन्ही भाषांतल्या कविता शेजारी ठेवून वाचू लागले आहे. समुद्र, माड, देऊळ, पाऊस दोन्हीकडे आहेत. पण कोकणीत कवी घरच्या अंगणात बसून बोलतो असे वाटते आणि मराठीत तो सभेपुढे गातो असे वाटते. हे मत पुरते तपासायचे आहे. एका प्रबंधाचा विषय त्यात नक्की आहे. जुने लेखन वाचून त्यातली भिंत दिसली आणि पलीकडचे वाचायला सुरुवात झाली, हा मला झालेला लाभ.

लयवेल्हाळ (सांगली)

मांडवी, हे जरूर लिहा. दोन भाषांत लिहिणाऱ्या कवीला एका विभागात बसवल्याने किती हरवते याचे दुसरे मोठे उदाहरण अरुण कोलटकर आहेत. इंग्रजीचे विद्यार्थी त्यांचा इंग्रजी संग्रह ‘जेजुरी’ वाचतात, मराठीचे विद्यार्थी १९७७ चा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह वाचतात, आणि परीक्षेच्या दालनात त्यांची गाठ पडत नाही.

जुनी_शाई (पुणे)

धाग्याच्या विषयाला जवळची, पण थोडी व्यावहारिक अडचण विचारतो. माझ्याकडे वडिलांचा निबंध आहे. ते १९५० च्या दशकात महाविद्यालयात होते आणि निबंध केशवसुतांवर आहे. वडील आता नाहीत. मी तो संगणकावर टंकून कुटुंबातील सर्वांना द्यावा म्हणतो. निबंधात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांत’, ‘जेथें’ असे जुने अनुस्वार सर्वत्र आहेत, कारण १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम तेव्हा यायचे होते. घरातील तरुण मंडळींना वाचायला सोपे जावे म्हणून ते काढावेत, की आहेत तसे ठेवावेत?

तळटीप

आहेत तसेच ठेवावेत. वाचणाऱ्याला एखाद्या पानात सवय होते. अनुस्वार काढलेत, तर तो निबंध आपल्या पिढीचा दिसू लागेल.

कागदाविषयीही सांगते, कारण मी ग्रंथालयात काम करते. टाचण्या आणि पिना गंजतात आणि कागद खातात, म्हणून त्या आधी हलक्या हाताने काढून टाका. फाटलेल्या जागी साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरांत उतरतो. प्लास्टिकचे आवरण उष्णतेने कायमचे चिकटवून घेण्याचा मोह टाळा, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. पाने सपाट ठेवून स्कॅन करा आणि मूळ प्रत कोरड्या जागी ठेवा.

पैलतीर (न्यू जर्सी)

कागद तरी वाचता येतो. माझ्या पत्नीचा एम.फिल.चा प्रबंध नव्वदीच्या अखेरीस श्रीलिपीत टंकलेला होता. फ्लॉपीतून फाइल वाचवली, पण उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता ढीग दिसला, कारण त्या काळचे फाँट युनिकोडप्रमाणे नव्हते आणि तोच फाँट नसेल तर मराठी दिसतच नाही. शेवटी फाँट परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आला, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बऱ्याच ठिकाणी हलल्या होत्या. छापील प्रत समोर ठेवून तिने एकेक शब्द जुळवला, आणि त्या निमित्ताने प्रबंध पुन्हा वाचून झाला. इतक्या संथपणे तो लिहितानाही वाचला नव्हता, असे ती म्हणते.

लयवेल्हाळ (सांगली)

टंकलेखनाचा विषय निघालाच आहे, तर हेही नोंदवते. मराठी टंकयंत्रावर सगळी जोडाक्षरे उमटत नसत. प्रबंधाच्या कार्बन प्रती काढल्या की राहिलेले अर्धे ‘ङ्’ आणि ‘ञ’ प्रत्येक प्रतीत काळ्या शाईने हाताने घालावे लागत. ‘वाङ्मय’ हा शब्द आमच्या विषयात पानोपानी येतो. जुन्या टंकलिखित प्रबंधांत त्या शब्दापाशी लेखकाचे हस्ताक्षर सापडते.

गोदाकाठ (पैठण)

ही माहिती मला नवी आहे आणि फार मोलाची वाटते.

सगळ्यांचे वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. मी प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवले होते आणि ते मागे घेत नाही. काळी_माती यांच्या सर्वनामांमागे आणि मांडवी यांच्या एका वाक्यात उरकलेल्या कोकणीमागे तीच आहे. मात्र साच्याने काय बाहेर ठेवले हे त्या साच्यात लिहिलेल्यालाच ओळखता येते, ही गोष्ट मला या चर्चेत दिसली. बाहेरचा संशोधक काळी_माती यांचा निबंध वाचेल, तर त्याला कसोट्या दिसतील. ‘आम्ही’ गाळला आहे हे त्याला दिसणार नाही, कारण लिहिणारा कोण होता हे त्याला माहीत नसेल. म्हणून हे लेखन पुन्हा वाचण्याचे काम ज्याने त्याने स्वतःच करायला हवे, आणि जमल्यास त्याविषयी लिहूनही ठेवायला हवे.

काळी_माती (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ यांचे म्हणणे पूर्ण पटले. मुक्ताताईंच्या सूचनेवर विचार करून मी सुरुवात केली आहे. जुन्या निबंधातले वाक्य न वाक्य बदलण्याचा प्रयत्न आधी केला, पण ‘त्यांचे’ काढून ‘आमचे’ घातले की पुढचे सगळे वाक्य मोडते. ‘त्यांच्या दैन्याचे प्रत्ययकारी चित्रण’ असे लिहिता येते. ‘आमच्या दैन्याचे प्रत्ययकारी चित्रण’ असे कोणीही लिहिणार नाही. तेव्हा जुना निबंध तसाच ठेवतो आहे आणि नवा लेख ‘बलुतं’ आमच्या वसतिगृहात कसे वाचले गेले इथून सुरू करतो आहे. एकच प्रत होती, तिची पाने सुटी झाली होती, आणि ज्याचे वाचून होई तो पुढच्याला ती पाने क्रमाने लावून देई. काही मुले ती पाने गावी नेऊन घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवत. पण सगळीच वाचता येत नसत, कुठे थांबायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागे. आपल्या माणसांपुढे कोणता मजकूर वाचता आला नाही, यावर मला लिहायचे आहे. समीक्षेत हा प्रश्न विचारलेला मी पाहिलेला नाही.

शिरीषवन (नाशिक)

काळी_माती, लेख पूर्ण झाला की इथे नक्की कळवा. मीही पायवाटेवर लिहिते आहे. बालकवींच्या इतर कवितांत माणसाच्या वावराच्या खुणा कुठे कुठे येतात हे आधी पाहते आहे, कारण ‘औदुंबर’मध्ये गाव आहे, मळे आहेत, पायवाट आहे आणि माणूस एकही नाही. निसर्गकवी या बिरुदामुळे हे सहज वाटते. पण माणसांनी पाडलेल्या वाटेवरून माणूस न दाखवता नेणे ही कवीने केलेली निवड आहे, असे मला वाटू लागले आहे. याला पुष्टी देणाऱ्या किंवा खोडून काढणाऱ्या ओळी कोणाला आठवत असतील, तर सांगाव्यात.

जुनी_शाई (पुणे)

तळटीप यांचे आभार. टाचण्या काढल्या, अनुस्वार जसेच्या तसे ठेवून टंकायला घेतले. एके ठिकाणी शाई उतरली आहे. वडिलांनी ‘तुतारी’तली एक ओळ दिली आहे, ‘जुनें जाऊं द्या मरणालागुनि’ इतके वाचता येते आणि पुढचे अर्धे पुसलेले आहे.

लयवेल्हाळ (सांगली)

‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’. छापील प्रतीशी एकदा ताडून पाहा आणि टंकताना पुसलेला भाग चौकटी कंसात घाला, म्हणजे तो आपण भरला आहे हे वाचणाऱ्याला कळेल.